यार्डासाठी आणलेला दगड

हे मी रचून लिहिलेलं नाही. रचायचंच असतं तर रात्र घेतली असती, अंधार घेतला असता... आणि मुख्य म्हणजे नवरा जरा शहाणा घेतला असता.

पण झालं ते भर दुपारी झालं.

गेल्या वर्षीचा एप्रिल. पनवेलला खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. त्याची मागची छोटी खोली. इमारतीचं नाव लिहीत नाही, कारण शेजाऱ्यांशी मला अजून बोलायचं आहे.

मी चारुता. शाळेत शिकवते. सकाळची शाळा असते, दीडच्या सुमाराला मी आणि माझी मुलगी रिया घरी येतो. रिया तेव्हा चौथीत होती. माझा नवरा सत्यजीत खारघरला ऑफिसात जातो आणि संध्याकाळी साडेसातला उगवतो.

त्याला नाद आहे खेळण्यातल्या आगगाड्यांचा.

'खेळणं' म्हटलेलं त्याला चालत नाही. 'मॉडेल' म्हणायचं. ती मागची खोली रियाची व्हायची होती. तिथे आठ फुटी प्लायवूडचं टेबल आलं. त्यावर रूळ आले, स्टेशन आलं, बोटभर उंचीचे सिग्नल आले. पोरगी हॉलमध्ये गादी टाकून झोपते आणि साहेबांच्या गाड्यांना स्वतंत्र खोली! गेल्या वर्षी त्याने ठरवलं, आता मालगाड्यांचं यार्ड बांधायचं. चार लाइनी, कोळशाच्या वॅगनी, शेवटी गार्डाचा डबा. खारघरला अशाच नादवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं, तिथे हे यार्ड मांडायचं होतं.

यार्ड म्हटलं की खडी आली. खऱ्या रुळांखाली असते तशी, पण मोहरीएवढी. बाजारातली खडी याला पांढुरकी वाटायची. "खऱ्या यार्डातली खडी काळी असते, तेलकट असते," असं मला दहा वेळा ऐकवलं. जसं काही माझं त्यावाचून अडलं होतं.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी तो उरणच्या बाजूला गेला. तिथे खाडीच्या काठाला मालगाड्या उभ्या असतात, त्यांचे फोटो काढायला. दुपारी परत आला तो एक दगड घेऊन.

मुठीएवढा. काळा. एका बाजूने सपाट.

"बघ, काय रंग आहे! मला हवा होता तस्सा."

दगडाला पांढरा दोरा चिकटला होता. मी तो पाहिला. पण पेपर तपासत होते, विचारलं नाही. सगळ्यांवर रागावून झालं ना, की त्या न विचारण्याचा मला स्वतःवर राग येतो.

सोमवारी त्याने सुट्टी टाकली. आम्ही शाळेतून आलो तोवर दगडाची खडी झाली होती. माझ्या चहाच्या नव्या गाळणीतून चाळलेली.

"फोडलास कशाने?" मी विचारलं.

"हातोडीने. दुसऱ्या कशाने फोडणार?"

गाळणीवरून आमचं व्हायचं ते भांडण झालं. मग तो खडी रुळांखाली पसरायला बसला. आधी पाण्याचा फवारा मारायचा, मग पातळ केलेला फेविकॉल इंजेक्शनच्या सिरिंजने सोडायचा. वाळला की खडी घट्ट बसते.

पण पाणी टाकलं की...

गडप.

"बघ, कशी पितेय!" सत्यजीत खुशीत म्हणाला.

दोन बाटल्या पाणी गेलं त्या चार लाइनींवर. एक थेंब टेबलावर आला नाही.

मंगळवारी दुपारी मी आणि रिया हॉलमध्ये आडव्या झालो होतो. पंखा चालू होता. बाहेर ऊन रणरणत होतं. आणि मागच्या खोलीतून...

खस्... खस्... खस्...

खडीवरून कुणी अनवाणी चालावं तसं. सावकाश.

मला आधी वाटलं, यानेच काहीतरी चालू ठेवलंय. तणतणत गेले. दार उघडलं.

आवाज बंद.

प्लग काढलेला होता. गाड्या जागच्या जागी होत्या. टेबलावर सत्यजीत पाण्याची भरलेली बाटली ठेवून गेला होता. बाटलीचं झाकण घट्ट होतं.

बाटली रिकामी होती.

आणि खिडकीच्या ग्रिलवर... कावळे.

पाच होते. एकही ओरडत नव्हता. सगळे आत बघत होते, यार्डाकडे. मी हात उगारला, तरी हलले नाहीत.

संध्याकाळी सत्यजीतला सांगितलं. "एप्रिल आहे गं, पाणी उडतं," म्हणाला. बंद झाकणातून! अशा माणसाशी बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवार आमचा मासळीचा वार. अकरा वर्षं आमच्याकडे गोदूबाई मासळी घेऊन येते. उरणच्या वाटेवर खाडीला लागून तिचं गाव आहे. त्या बुधवारी तिच्याऐवजी तिच्या आळीतली शकू आली.

"गोदूबाई नाय येनार, वयनी. तिचा मानूस गेला. जगनदादा. गेल्या गुरवारी."

मला खूप वाईट वाटलं. जगन मिठागरावर राबलेला माणूस. मिठागरं गेल्यावर मासळी पकडायचा. मी त्याला एकदाच पाहिलं होतं. टोपली पोचवायला आला होता, दारात उभा राहून तांब्याभर पाणी मागितलं होतं.

शकूने तिसऱ्या आणल्या होत्या. मी लसूण, मिरची, कोथिंबीर खलबत्त्यात ठेचली आणि तिसऱ्यांचं सुकं केलं. मी आणि रियाने ताव मारला. सत्यजीतला शिंपल्यातलं काहीच चालत नाही. त्याने रात्री दहीभात खाल्ला.

जेवताना दाताखाली कचकच लागली.

तिसऱ्यांत वाळू, दुसरं काय! मी शकूला फोन करून फैलावर घेतलं. "धुवून आणता येत नाही का गं?" असं बरंच काही बोलले.

त्या संध्याकाळपासून रियाला तहान लागायला लागली. एक ग्लास, दोन ग्लास, मग बाटली. मलाही तसंच होत होतं. घसा भिजायचाच नाही. मी म्हटलं, उन्हाळा आहे.

गुरुवारी दुपारी पुन्हा...

खस्... खस्...

या वेळी आवाज मागच्या खोलीतून येत नव्हता.

स्वयंपाकघरातून येत होता.

मी उठून बसले. आवाज ओट्यापासून निघाला. दारापर्यंत आला. हॉलच्या फरशीवर आला. तिथे खडी नव्हती, माती नव्हती, काहीच नव्हतं. माझ्या गादीशी येऊन तो थांबला.

रिया झोपेतच म्हणाली, "पाणी."

शुक्रवारी शकू दारात उभी. टोपली नव्हती. माझ्याशी भांडायला आली होती.

"वयनी, माझ्या तिसऱ्यांत वालू निघाली म्हनलात. तीन पान्यांतून काढल्या होत्या मी! आमी धंदा करतो, फसवत नाय."

मी म्हटलं, "अगं, जाऊ दे. गोदूबाई कशी आहे?"

शकूचा चेहरा बदलला.

"कशी असंल? उद्या दहावा हाय आनि जीवखडा चोरीला गेलाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रेताला अग्नी देताना पाण्याचं मडकं ज्या दगडाने फोडतात, तो जीवखडा. काहीजण त्याला अश्मा म्हणतात. दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव त्या दगडाच्या आसऱ्याला असतो, असं मानतात. त्याला रोज पाणी द्यायचं, तीळ द्यायचे. दहाव्याला त्याच्यासमोर पिंड ठेवायचा, कावळा शिवला की माणूस सुटला. मग तो दगड पाण्यात सोडायचा.

"प्रितमनं, तिच्या पोरानं, फडक्यात बांधून भेंडीच्या मोठ्या झाडाच्या बेचक्यात ठेवला होता," शकू सांगत होती. "मसनाच्या बाजूला. रोज पानी घालायला जायचा. सोमवारी गेला तर नुसतं फडकं खाली पडलेलं. कोन नेनार वो दगड? शेतं गेली, मिठागरं गेली. आता दगडबी नेला."

माझ्या डोळ्यांपुढे तो पांढरा दोरा आला.

शकू गेल्यावर सत्यजीतला फोन लावला.

"दगड कुठून उचललास?"

"कुठला दगड?"

"सत्यजीत, वेड पांघरू नकोस!"

"एका झाडात होता. फडक्यात गुंडाळलेला. मला वाटलं, पोरांचा काहीतरी खेळ असेल."

फडकं सोडून टाकून दिलं याने! कुणीतरी गाठ मारून ठेवलेली वस्तू आहे, कुणाचीतरी आहे, एवढंही याच्या डोक्यात आलं नाही. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

तो घाईघाईने घरी आला. मी सांगितलं, सगळी खडी काढायची आणि उद्या सकाळी नेऊन द्यायची.

"चारू, परवा प्रदर्शन आहे! वर्षभर खपलोय मी. आणि दगडच आहे तो. भटजी दुसरा दगड घेऊन विधी करतात, मी आत्ताच वाचलं."

"उद्या तुझ्या बापाचा घेऊन गेलं कुणी, तर वाचशील असंच?"

तरी तो हात लावायला पुढे आला नाही.

मग मी उलथणं घेतलं. तापवलेलं पाणी लाइनींवर ओतलं, फेविकॉल मऊ पडला आणि मी खरवडायला लागले. एक लाइन, दुसरी, तिसरी, चौथी. रूळ उचकटले, सिग्नल मोडले, मला कशाचंच काही वाटलं नाही. वॅगनींत कोळसा म्हणून भरलेली पूडही उपसली. सत्यजीत दारात उभा राहून "हळू, हळू" करत होता. त्याला माणसाची पडली नव्हती, रुळांची पडली होती.

स्टीलच्या डब्यात सगळं भरलं. मग गुडघे टेकून टेबलाखालची फरशीसुद्धा पुसून घेतली. ग्रिलवर कावळे होतेच. आता सात.

शनिवारी सकाळी रियाला शेजारच्या अरुंधतीकाकूंकडे ठेवलं आणि मी डबा घेऊन एकटी खाडीवर गेले. सत्यजीतचं तोंड झालं नाही यायचं.

मी गोदूबाईला सगळं सांगितलं. लपवलं नाही. तिच्या डोळ्यांकडे मात्र बघता आलं नाही. प्रितमने डबा उघडला. त्याचं मुंडण झालेलं होतं. तो बराच वेळ त्या काळ्या खड्यांकडे बघत राहिला.

"हा माझा बाप हाय?" त्याने विचारलं.

मी हात जोडले.

तो माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं. यायलाही हवं होतं. गोदूबाईने त्याचा हात धरला. "आज नको. आज त्यांचा दिस हाय."

खडी फडक्यात बांधली. विधी झाले. भाताचा पिंड ठेवला. सगळी माणसं मागे सरली.

कावळे आले. भेंडीच्या झाडावर आठ-दहा बसले.

प्रितम हात जोडून म्हणाला, "आयला सांभालीन. बोट इकनार नाय." कावळे हलले नाहीत. गोदूबाईने तिला सुचेल ते सांगून पाहिलं. लोकांनी सांगून पाहिलं. अर्धा तास गेला. तास गेला. ऊन चढलं.

मग माझ्या लक्षात आलं...

कावळे पिंडाकडे बघतच नव्हते.

माझ्याकडे बघत होते.

मी दोन पावलं डावीकडे सरकले. सगळ्या माना डावीकडे वळल्या.

शकूने माझा दंड धरला. "वयनी, तुमच्याकडं अजून काय ऱ्हायलंय?"

मी सत्यजीतला फोन लावला. "काही ठेवून घेतलंयस का तू?"

"चारू, अगं..." त्याने सुरुवात केली.

"एक वॅगन," म्हणाला शेवटी. "कोळसा भरलेली. फोटोंसाठी कारमध्ये ठेवली होती."

त्या खाडीकाठी, चार माणसांत, सुतकाच्या जागी मी किती जोरात ओरडले ते मला आठवत नाही. तो पाऊण तासात आला. ती बोटभर लांबीची वॅगन हातात धरून मान खाली घालून उभा राहिला. प्रितमने ती ओढून घेतली आणि त्यातली पूड फडक्यात रिकामी केली.

आता सुटेल असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

कावळे माझ्याकडेच बघत राहिले.

दीड वाजता भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. असं करतात, शास्त्रात आहे. सगळं पाण्यात सोडलं. गोदूबाई एकच वाक्य बोलली, "तहानलेलाच गेला माझा मानूस."

घरी आलो. अरुंधतीकाकू दारातच म्हणाल्या, "अगं, रियाला डॉक्टरकडे ने. पोरीने आमचा अख्खा फिल्टर रिकामा केला."

डोकं दुखत होतं. म्हटलं, आधी चहा टाकावा. आलं ठेचायला खलबत्ता ओढला. आमचा खलबत्ता लोखंडी, सासूबाईंचा. गंजतो म्हणून आम्ही तो धुत नाही, पुसून ठेवतो. बुधवारनंतर मी तो वापरलाच नव्हता.

तळाशी लसणाची सालं वाळून बसली होती. आणि त्यांच्या खाली...

काळे खडे.

मोहरीएवढे.

मी खलबत्ता उचलून हॉलमध्ये गेले आणि सत्यजीतच्या पुढ्यात आदळला.

"दगड कशाने फोडलास?"

त्याने खलबत्त्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"हातोडीने तुकडे उडत होते गं... तू चिडशील म्हणून नाही सांगितलं. पण मी पुसून ठेवला होता."

तिसऱ्यांत वाळू नव्हती.

शकू खरं बोलत होती. मी त्या बिचारीला नाही नाही ते बोलले होते. आणि ज्याने दगड चोरला, ज्याने कुटला, ज्याने खोटं सांगितलं, त्याच्या पोटात एक कण गेलेला नाही. तो दहीभात जेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

गेलं ते माझ्या पोटात. आणि माझ्या लेकीच्या.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. ते यार्ड मोडून टाकलं, मागची खोली रियाला दिली. आमच्या दोघींच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, साखरेच्या झाल्या, किडनीच्या झाल्या. सगळं नॉर्मल. तहान आहे तशीच आहे. रियाच्या शाळेच्या कुंपणावर कावळे बसतात, ती वर्गात गेली की खिडकीशी येतात. ओरडत नाहीत. सत्यजीतने हॉलच्या कोपऱ्यात पुन्हा दोन फुटी फळी टाकलीय. म्हणतो, खडी आता बाजारातूनच आणतो. माझा जगनवर राग नाही. त्याचं काय चुकलं? तो पाणीच तर मागतोय. माझा राग या फळीपुढे बसलेल्या माणसावर आहे, आणि तो माझ्याबरोबरच जाणार.

महिन्याभराने गोदूबाई पुन्हा मासळी घेऊन यायला लागली. मी म्हटलं, "तू आमच्याकडे कशी आलीस गं?" तर म्हणाली, "तुमी आनून तरी दिलात, वयनी. दुसऱ्यानं कचऱ्यात टाकला असता." खलबत्त्याचं तिला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. दर बुधवारी सांगायचं ठरवते आणि दर बुधवारी मासळी घेऊन दार लावते.

गेल्या बुधवारी ती दारात बसून बोंबील साफ करत होती. रिया आतून आली. तिने कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलला. आमच्याकडे तांब्याने कुणी पाणी पीत नाही, तो झाडांना पाणी घालायला ठेवलेला असतो.

तिने डावा हात कमरेवर मागे ठेवला. मान मागे टाकली. तांब्या हातभर वर धरला आणि धार सोडली. एक थेंब खाली सांडला नाही. घट... घट... घट... तांब्या रिकामा झाला.

मी तिला असं प्यायला कधी शिकवलेलं नाही.

गोदूबाईची सुरी थांबली. ती रियाकडे बघत राहिली.

"आमचा मानूस अस्साच प्यायचा," ती म्हणाली आणि हसली. मग डोळ्यांना पदर लावला. "वयनी, एक इचारू? कावला नाय शिवला, पन वरीस झालं आता. पोचला असंल ना वो तो?"

मी रियाकडे पाहिलं. ती गोदूबाईकडे बघत होती. डोळ्यांची पापणी हलत नव्हती.

मी "हो" म्हणाले.

रियाने रिकामा तांब्या गोदूबाईच्या पुढे धरला आणि म्हणाली, "अजून दे."